सरांना आलेला शक

वानखडे सर समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "तुमचं खरं असन." बुलडाण्याजवळच्या धाड गावच्या शाळेत आम्ही बरोबर शिकवत होतो, घरंही शेजारीशेजारी. एखाद्या मुलाने उशिरा येऊन थाप मारली की मी चिडायचे. सर म्हणायचे, "मॅडम, लेकरू खोटं बोलत असन तं त्याचंही काही कारण असन. बसू द्या त्याले."

अशा माणसाने निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला कुंपणाशी बोलावलं. "तुमच्याकडं काल कोण आलतं? नजर ठेवून हाय तो माह्यावर." मला हसू आलं. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा डावीकडे ओढला गेला, डावा हात झटकला आणि क्षणात सारं जागेवर आलं.

"काय झालं सर?"

"कुठं काय?"

शक वाढतच गेला. आधी दूधवाला, मग जावई, मग मी. शेवटी पाळी आली सुमनवहिनींची, त्यांच्या बायकोची. चहा समोर आला की सर म्हणायचे, "आधी तू पे." एका सकाळी तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "ही मले काहीतरी घालून मारून राह्यली!" वहिनी दारात नुसत्या उभ्या होत्या. जमलेल्यांपैकी दोघाचौघांच्या नजरेत मला वहिनींबद्दलच शंका दिसली.

कुणी करणी म्हणालं, कुणी वय. मग सरांना भरबाजारात मोठी फिट आली. बुलडाण्याला मिरगीच्या गोळ्या सुरू झाल्या, पण हाताचे झटके थांबेनात. रक्तात सोडियम कमी निघालं. सकाळचं संध्याकाळी आठवेना. वहिनी मला म्हणाल्या, "हे वयाचं नाही. चला, संभाजीनगरले दाखवू."

तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी जुने कागद बाजूला ठेवले आणि सरांशी गप्पा मारत बसले. बोलता बोलता चेहरा ओढला गेला, हात झटकला. डॉक्टर थांबले.

"झटके, विसरणं आणि संशय, तिन्ही एकाच आजाराचे वाटतात," ते आम्हाला म्हणाले. "रोगाशी लढणारी शरीराची ताकद कधीकधी स्वतःच्याच मेंदूवर उलटते. अशा वेळी नुसत्या फिटच्या गोळ्या पुरत नाहीत. तपासून पाहू."

"म्हंजे ते माह्याबद्दल जे बोलले..." वहिनींनी विचारलं.

"ते आजारामुळे, ताई."

इतक्या महिन्यांत वहिनी पहिल्यांदा रडल्या.

रक्त आणि मणक्यातलं पाणी तपासल्यावर निदान पक्कं झालं. सलाईनमधून स्टेरॉइड सुरू झाले. झटके लवकर थांबले. संशय मात्र हळूहळू, कुरकुरत गेला. मधल्या महिन्यांचं सरांना काहीच आठवत नव्हतं.

उन्हाळ्यात अंगणात बसलो असताना त्यांनी विचारलं, "मी काय काय बोललो?" वहिनींनी सगळं सांगितलं, काहीच झाकलं नाही. सरांनी वहिनींकडे पाहिलं.

"मले आठवत नाही. पण तुले आठवते, हे दिसून राह्यलं मले." मग म्हणाले, "हे परत येऊ शकते, डॉक्टर म्हणत होते. आलं, अन् मी तुह्यावर शक घेतला, तं माह्यं ऐकू नको. गाडीत घाल अन् ने."

"अन् तुमी नाही म्हणाल तं?"

"म्हणीनच. तुह्या नावानं शिव्याही देईन. तरी ने."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुमी ऐकलं ना, मॅडम? साक्षीदार राह्यजा."