तिसरं रीडिंग

जेवून आल्यावर प्रणिता पलंगावर आडवी होते, ती झोपायला नव्हे, भिंतीकडे तोंड करायला. पाठीमागे नीलोफर आरशासमोर उभी राहून एकच वाक्य घोकते आहे. "मॅडम, मी दोनदा वजन केलं होतं. मॅडम, मी दोनदा वजन केलं होतं." तीन वाजता तिला कारखानीस मॅडमच्या केबिनमध्ये जायचं आहे. आता पावणेदोन झालेत.

विद्यापीठात येऊन दोघींना तीन आठवडे झालेत. एम.एस्सी. रसायनशास्त्राचं पहिलं वर्ष. कुठल्या जिन्याने कुठल्या वर्गात जायचं, हेही अजून नीट पाठ झालेलं नाही. शुक्रवारच्या प्रात्यक्षिकात मॅडमनी सगळ्या बॅचसाठी दोघींवर कामं सोपवली होती. नीलोफरने आम्ल मोजून त्याचं द्रावण करायचं. प्रणिताने त्या आम्लात ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, अल्कली थेंबथेंब सोडायची आणि किती मिलिलिटर लागली त्यावरून अल्कलीची तीव्रता ठरवायची. ती तीव्रता फळ्यावर लिहिली गेली, बाकीच्यांनी तीच वापरली आणि बावीसच्या बावीस जणांची उत्तरं एकाच बाजूला चुकली.

मॅडमनी प्रणिताचं जर्नल उघडून पाहिलं. १०.७, १०.७, १०.७. "ही तिन्ही रीडिंग सारखी आहेत," त्या म्हणाल्या, "म्हणजे घोळ वजनात आहे. नीलोफर, सोमवारी तीन वाजता मला भेट." अशा मुलींना सत्रभर रिपीट बॅचला टाकतात, असं सीनियर सांगतात.

प्रणिताने दोनच रीडिंग घेतली होती. पहिलं आलं १०.७, दुसरं १०.४. तिसरं घेऊन कुठलं खरं ते ठरवायचं, एवढंच बाकी होतं. पण मागे ब्युरेटसाठी रांग होती, कोणीतरी हसत इंग्रजीत म्हणालं, "आज होईल ना?" आणि तिच्या पेनाने एक आकडा तीनदा लिहिला.

"मॅडम, मी दोनदा," नीलोफर म्हणते, मग नुसतं "दोनदा" म्हणते, मग ते टप्प असं ऐकू येतं. टप्प. टप्प.

भिंत गार आहे. भिंतीला पांढऱ्या टाइल्स आहेत आणि प्रणिता मेसच्या रांगेत उभी आहे. तिच्या हातात ताट नाही, काचेचं चंचुपात्र आहे. भात वाढणाऱ्या टेबलामागे खंडारे मामा उभे आहेत, खाकी शर्टाचं वरचं बटण लावलेलं, खिशाला दोन पेनं.

मेहकरच्या कॉलेजात मामांनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेतली भांडी धुतली. प्रणिताला ब्युरेट धरायला शिकवलं ते प्राध्यापकांनी नव्हे, मामांनी. मार्चमध्ये ते गेले. तिचा पेपर होता, म्हणून ती मातीला गेली नाही.

"मामा, तुम्ही इकडे कसे?"

"तू आली, मंग मीबी आलो." ते तिच्याकडे पाहत नाहीत, कापडाने एक नळी पुसत असतात. "लय मोठं हाय वं हे. संडास कुठीसा हाय ते इचारता इचारताच दिवस जाईन मानसाचा."

तिला हसू येतं. तेवढ्यात रांग तिला मागून ढकलते. ती वळून पाहते तर रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात चंचुपात्र आहे, आणि कोणालाच घाई नाही. सगळे नुसते वाट पाहत आहेत.

"चाल, लाव," मामा म्हणतात.

समोर स्टँड आहे. ब्युरेट शून्यापर्यंत भरलेली आहे. ती डाव्या हाताने तोटी धरते, उजव्या हाताने पात्र हलवते. हे मेहकरच्या प्रयोगशाळेतलं टेबल आहे, आम्लाने जळलेल्या डागाचं, पण खिडकीबाहेर विद्यापीठाचं व्याख्यानगृह उतरत गेलेलं दिसतं आणि बाकांवर बावीस जण जर्नल उघडून बसलेत. थेंब पडतात. पात्रातलं पाणी पाण्यासारखंच राहतं.

"रंग येत नाही, मामा."

"येते. पडू दे."

नऊ. दहा. दहा पूर्णांक चार. आता आम्ल संपून गुलाबी व्हायला हवं, इतकं फिकट की खाली पांढरा कागद धरल्याशिवाय दिसू नये. दहा पूर्णांक सात. काही नाही. अकरा. ती तोटी बंद करते. थेंब पडतच राहतो.

"बंद होत नाहीये!"

"काहून होईन? तुनं हे तिसरं घ्यायचंच ठेवलं ना."

बाकांवरून कुणीतरी विचारतं, "तिसरं किती?" आवाज चढा नाही, फक्त लिहून घेण्यापुरता. दुसऱ्या बाकावरून, "तिसरं किती?" पहिल्या बाकावर नीलोफर बसली आहे. ती विचारत नाही. तिच्यासमोर तराजू आहे, ती वजन करते, खाली ठेवते, पुन्हा वजन करते. आम्लाचे पांढरे खडे संपून गेलेत, तरी ती रिकामी बाटली दोनदा, तीनदा, चारदा तोलते आहे.

"मामा, तिला थांबवा."

"मले कोन इचारते? मी त बाटल्या धुनारा मानूस." मामा ब्युरेटच्या टोकाशी वाकतात, नखाने काचेला टिचकी मारतात. "हे पाह्य."

तोटीच्या खाली, निमुळत्या नळीत, मुगाएवढा हवेचा बुडबुडा अडकला आहे. ती पाहते आणि तिच्या लक्षात येतं की हा तिने शुक्रवारीही पाहिला होता. पाहिला, आणि पाहिला असं मनात येऊ दिलं नाही. पहिल्या वेळी तो सुटून गेला, त्याची जागा भरायला जास्तीची अल्कली लागली, आणि आकडा फुगला. १०.४ खरं होतं. नीलोफरचं आम्लही खरं होतं.

"बुडबुडा होता," ती घाईने म्हणते. "म्हणजे माझी चूक नाही. बुडबुडा कोणाचाही राहू शकतो."

"राह्यते ना. माह्या हातून एकतीस वर्षांत शेकड्यानं राह्यले." आता ते पहिल्यांदा तिच्याकडे पाहतात. त्यांचे डोळे रागीट नाहीत आणि तेच तिला सोसत नाही. "बुडबुड्याचं कोन इचारून राह्यलं तुले? तिसरं कोनं लिवलं?"

पाणी पात्राच्या काठाशी आलं आहे.

"मला काढून टाकतील, मामा. आमच्या घरातून इथवर कोणीच आलेलं नाही."

"टाकतीन की नाही, मले नाही ठाऊक." ते तिची डावी मूठ आपल्या हातात घेतात, बोटं तोटीभोवती मेहकरला पहिल्या वर्षी बसवली होती तशी बसवतात. त्यांचा हात कोरडा आहे आणि जड आहे. "अशी धर. घाबरून नाही धरायचं. आता फिरव."

"तुमच्या मातीला मी आले नाही."

"पेपर होता ना वं तुहा. फिरव आता."

ती फिरवते.

पंखा घरघरतो आहे. दोन वाजून बत्तीस मिनिटं. नीलोफर पलंगाच्या कडेला बसून चपलेचा पट्टा लावते आहे. "काय गं, झोपेत कुणाला मामा मामा करत होतीस?"

प्रणिता उठून बसते. तिची डावी मूठ अर्धवट मिटलेली आहे. उघडते तर अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं ओशट लागतात. ती बोटं नाकाशी नेते. जेवणाचं तूप नाही. हात तिने साबणाने धुतले होते. नीलोफरच्या टेबलावरच्या क्रीमसारखा फुलांचा वासही नाही. हे व्हॅसलीन आहे. मेहकरला ब्युरेटच्या काचेच्या तोट्या अडकू नयेत म्हणून मामा दर सोमवारी त्यांना व्हॅसलीन लावत. इथल्या सगळ्या तोट्या प्लास्टिकच्या. त्यांना काही लावावं लागत नाही.

ती बोटं एकमेकांवर घासून पाहते. आहे.

"निघते मी," नीलोफर म्हणते. "दुआ कर."

"थांब. मी येते."

"तू कशाला? तुला कुठे बोलावलंय?"

"तिसरं रीडिंग मी घेतलंच नव्हतं."

नीलोफरचा पट्ट्यावरचा हात थांबतो. ती वर बघते.

"शुक्रवारपासून माहीत होतं तुला?"

"हो."

"मी रात्री रडले तेव्हाही?"

"हो. तुझं वजन बरोबर होतं. माझ्या ब्युरेटमध्ये बुडबुडा होता. आणि पुढचं मी नुसतं लिहिलं."

नीलोफर उभी राहते, ओढणी सारखी करते. "हे सगळं मॅडमला तू सांगायचं," ती म्हणते. "मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही."

"नको बोलूस."

प्रणिता जर्नल काखेत घेते आणि डाव्या हाताने दाराची कडी ओढते. कडी बोटांतून सटकते. ती हात न पुसता पुन्हा धरते, या वेळी सावकाश, आणि दार उघडतं.