पेन्शनला दीड वर्ष कमी

चाकणच्या त्या वायरिंगच्या कारखान्यात बायकांच्या गेटावर झडती घ्यायचं काम कस्तुराबाईंकडे होतं. पाठ, कंबर, ओढणीची दोन्ही टोकं, डब्याचं झाकण, आणि शंका आलीच तर डब्यातली भाकरीसुद्धा उचलून बघायची. तांब्याला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून एवढी पाळत. एकदा एका पोरीच्या भाकरीखाली मूठभर तांब्याच्या क्लिपा सापडल्या, आणि तेव्हापासून तर बाईंना जगातली प्रत्येक भाकरी उचलून बघावीशी वाटायला लागली.

स्वभाव मुळातला. दूधवाल्याचं माप त्या आपल्या मापानं पुन्हा मोजायच्या, रिक्षात एक पाय बाहेर ठेवून भाडं ठरवायच्या, आणि मुलीच्या लग्नात तर त्यांनी आचाऱ्याची पिशवी तपासली होती. नवरा धोंडीबा कांदा मार्केटात हमाल होता. पाठ गेली तेव्हापासून मोशीच्या दोन खोल्यांत तो बसून असे. ही माझ्या खोकल्यावरपण संशय घेते, असं तो शेजाऱ्यांना सांगायचा. बाई त्यावर हसत नसत, कारण खोकल्यावर त्यांचा खरोखरच संशय होता. बिडीचा.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या कंत्राटदाराची मुदत संपली. नवा तीन महिन्यांनी येणार होता आणि गेटावरच्या जुन्या बायकांना तो घेणार, असं साहेबांनी सांगितलं होतं. बाईंना छप्पन्न पुरी झालेली. दोन वर्षांनी गेट कायमचं सुटणार आणि मग घरात दोन म्हातारी माणसं, एक पाठीनं अधू, आणि कमावणारं कोणी नाही. मुलगी सासरी, तिच्याकडे हात पसरायचा नाही हे बाईंनी फार आधीच ठरवलेलं. म्हणून आठ वर्षं सात महिने कापून गेलेला पीएफ आणि पेन्शनचा पैसा, दोन्ही या तीन महिन्यांच्या खंडात काढून घ्यायचा आणि स्वतःच्या नावानं बँकेत ठेवायचा, असा त्यांचा बेत होता.

हे त्यांनी आधीही दोनदा केलं होतं. भोसरीच्या प्लास्टिक कंपनीतली सात वर्षं संपली तेव्हा काढला, त्यात घरावर पत्रे आले. मग चाकणला पहिला कंत्राटदार गेला तेव्हा सहा वर्षांचा काढला, त्यात मुलीचं लग्न झालं. पैसा सरकारकडे असला काय आणि सावकाराकडे असला काय, आपल्या हातात नाही म्हणजे आपला नाही, असं त्यांचं मत. त्यातून त्यांनी माणूस ओळखायची एक खूण काढली होती. पैसे काढून देतो म्हणणारा बरा, राहू द्या म्हणणाऱ्याच्या मनात काहीतरी आहे.

काढून देणारा होता जयसिंग. कंपनीच्या कोपऱ्यावर चहाच्या टपरीला लागून त्याचं टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि फॉर्मामागे पंधराशे रुपये. आजवर त्यानं कोणाचा पैसा बुडवला नव्हता. दोन महिने काम बंद दिसलं की अर्ज जातो, एवढं सांगून त्यानं बाईंच्या सह्या घेतल्या, रद्द केलेला चेक घेतला आणि कागद फायलीत लावले. सगळे मिळून पाच लाखांच्या आसपास येतील म्हणाला.

राहू द्या म्हणणारी निघाली रश्मी. कंत्राटी कामगारांचे कागद बघणारी ऑफिसातली मुलगी. तीन वर्षं रोज संध्याकाळी ती बाईंसमोर हात वर करून उभी राहायची. बाईंना तिच्या डब्यातली भाजी पाठ होती, गाव मात्र माहीत नव्हतं. शेवटच्या दिवशी झडती झाल्यावर ती जाईना. म्हणाली, "मावशी, पेन्शनचा पैसा काढायचा फॉर्म भरू नका. तुमची दहा वर्षं भरायला दीड वर्षही राहिलेलं नाही."

बाईंच्या कपाळावर आठी चढली. माझी वर्षं हिला कशी ठाऊक? माझ्या पैशाची हिला कामून काळजी? रश्मीनं सांगितलं की सगळ्यांच्या पीएफचे कागद तिच्याकडेच येतात, आणि हवं तर आत्ता फोनवर दाखवते, फक्त तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल. ओटीपी हा शब्द ऐकताच बाईंच्या मनात खटला निकाली निघाला. बँकेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, ओटीपी देऊ नका. त्यांनी मोबाईल ब्लाउजात खोल सारला आणि मुलीला रस्ता दाखवला.

घरी बसल्यावर मात्र चैन पडेना. चोर दिसला होता, माल सापडत नव्हता. रश्मीचा यात फायदा काय? कंत्राटदाराशी संधान असेल? पैसा पडून राहिला की कंपनीला व्याज मिळत असेल? धोंडीबा म्हणाला, पोरगी भली असेल. बाई म्हणाल्या, भल्याचं तुम्ही सांगू नका, तुम्हाला मार्केटातला प्रत्येक अडत्या भला वाटायचा. शेवटी रश्मीचं बिंग फोडायचंच, म्हणून एका सोमवारी त्या बस धरून पीएफच्या ऑफिसात गेल्या.

खिडकीतल्या माणसानं त्यांचा पीएफचा नंबर टाकून बघितलं आणि मुलगी बरोबर बोलली असं सांगितलं. दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मरेपर्यंत पेन्शन, पुढे नवऱ्याला निम्मी. नव्या कंत्राटदाराला हाच नंबर द्या. अगदीच अडलं तर पीएफ वेगळा काढता येतो, पण पेन्शनला हात लावलात की वर्षं शून्यापासून. बाईंना वाटलं, हाही त्या पोरीचाच माणूस. दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या खिडकीवर गेल्या आणि हेच सगळं बहिणीचं म्हणून विचारलं. उत्तर तेच आलं. मग बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराला गाठलं. त्यानं पिशवीतून पासबुक काढलं. दर महिन्याला पेन्शन जमा, सहा वर्षं, एकही महिना चुकलेला नाही. बाईंनी पानं उलटी-सुलटी केली, बँकेचा शिक्का नखानं खरवडून बघितला. पासबुक खरं होतं.

त्या तिथेच बाकावर बसल्या. सात, सहा आणि ही साडेआठ. हात लावला नसता तर एकवीस वर्षांच्यावर झाली असती. तेरा वर्षं त्यांनी स्वतः उचलून बाहेर नेली होती आणि दोन्ही वेळा घरी जाताना आपण किती हुशार आहोत असं त्यांना वाटलं होतं. हे गिळायला जड होतं, पण गिळलं असतं. त्यांना बसल्या जागी घाम फुटला तो विमलबाई आठवल्या म्हणून.

विमलबाई गेटावरची त्यांची जोडीदारीण, कुरुळीची. पहिला कंत्राटदार गेला तेव्हा तिची नऊ वर्षं एक महिना झालेला. ती पैसे काढायला तयार नव्हती, पडू दे म्हणत होती. कस्तुराबाईंनी तिला आठवडाभर समजावलं, घाबरवलं, आणि हाताला धरून फॉर्म भरायला नेलं. नंतर विमलबाईंनी आणखी तीन वर्षं गेटावर काढली आणि अठ्ठावन्नला त्या घरी बसल्या. बाईंनी त्या म्हाताऱ्याला विचारलं, नऊ वर्षांवर कोणी काढले आणि पुढे तीनच वर्षं केली, तर? तो म्हणाला, काढले नसते तर आज माझ्यासारखं पासबुक असतं.

ऑफिसातून बाई तडक जयसिंगच्या टेबलावर गेल्या. तो कुरकुरला, पण फायलीतून कागद काढून दिले. बाईंनी सह्या मोजल्या, चेक परत घेतला, लॅपटॉपवर काही उरलं नाही ना हेही वाकून बघितलं. मग रिक्षा करून कुरुळीला. या वेळी भाडं त्यांनी ठरवलंच नाही.

विमलबाई आता चौसष्टच्या. मार्केटात कांदा निवडायला जातात, नुकत्याच येऊन ओट्यावर गुडघे चोळत बसल्या होत्या. कस्तुराबाईंनी चहाही घेतला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रश्मी, खिडक्या, पासबुक, नऊ वर्षं, दीड-दोन हजार महिना, मरेपर्यंत. सांगताना आवाज चढला, जणू चूक दुसऱ्याच कोणाची पकडली होती. मग एकदम उतरला. "म्या तुला बुडवलं, विमल," त्या म्हणाल्या.

विमलबाईंनी गुडघा चोळायचं थांबवलं. "मला तवाच वाटत व्हतं, काढू न्हाई," त्या म्हणाल्या. "पर म्हटलं, ही बया सख्ख्या नवऱ्यावर इस्वास ठेवत न्हाई. ही सांगती म्हंजी दहादा तपासूनच सांगत आसंल."

विमलनं शिव्या दिल्या असत्या तर कस्तुराबाईंनी उलट दिल्या असत्या. त्यांनी आयुष्यात फक्त हातानं तपासलं होतं, डबे, ओढण्या, पिशव्या. त्या फॉर्माबद्दल त्यांनी कोणालाही एक शब्द विचारला नव्हता, आणि तरी विमलनं त्यांच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवला होता. त्या ओट्यावर बसल्या आणि त्यांना रडू आलं.

विमलबाईंनी रडू दिलं. मग पदर नीट करत म्हणाल्या, "आमच्या सुनेची, अपेक्षाची, सहा वर्षं झाली कंपनीत. ती काम सोडून दुसरीकडं लागायची म्हनती, आनि समदे पैसे काढायचं बी. तिनं काय करावं? तू म्हनशील तसं सांगते तिला."

कस्तुराबाईंनी डोळे पुसले. आत्ताच ऑफिसातून आलेल्या, सगळं पाठ होतं, उत्तर ओठांवर होतं. ते त्यांनी दिलं नाही.

"माझं ऐकून काहीच करू नगा," त्या म्हणाल्या. "तिला सुट्टी कधी हाय ते सांग. मी घेऊन जाते, ती स्वतः खिडकीवर विचारंल. दोन्ही खिडक्यांवर."