दुसरं बोट

"अक्का, एक बोट द्या की."

मान न वळवता, नजर पडद्यावरून न हलवता ती हे म्हणायची. हाक 'अक्का' अशी असली तरी ती माझ्यासाठीच असे असं नाही. क्लासात त्या वेळी जी मोकळी असेल तिनं उठायचं, तिच्या डाव्या बाजूला जाऊन शिफ्टच्या बटणावर बोट ठेवायचं आणि उभं राहायचं. ती आपलं अक्षर दाबायची आणि म्हणायची, "सोड." दोन शब्द झाले की पुन्हा, "अक्का, एक बोट द्या की."

तिच्याकडे एकच बोट होतं. रांगती असताना ती चुलीत गेली होती. असे हात तुम्हीही पाहिले असतील. चुली जमिनीवर असायच्या आणि आया शेतावर. डावा हात कोपरात दुमडून तसाच आखडला होता. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता, फक्त अंगठ्याशेजारचं बोट सुटं राहिलं होतं. त्या एका बोटानं ती वेणीची रिबन ओढून घट्ट करायची, पर्सची चेन उघडायची आणि वेळ आली तर समोरच्याला दमही द्यायची.

रामनगरच्या बस स्टँडसमोर, आमच्या सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर माझा टायपिंगचा क्लास होता. तिचे वडील तिला घेऊन आले तेव्हा ती तिशीला आली असेल. त्यांचं जुन्या सुप्यात किराणा दुकान होतं. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर ते रामनगरला आले आणि इथं पहिल्यापेक्षा लहान दुकान टाकलं. त्यांनी क्लासाचं नाव काढताच मी तिच्या हातांकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, "हे दोन हातांचं काम आहे."

ती म्हणाली, "हात दोन असू देत. अक्षर एका टायमाला एकच उमटतंय न्हवं?"

मी तिला बसवलं.

टाइपरायटरवर तिला त्रास झाला तो बटणांच्या जडपणाचा. शिफ्टचा नाही, टाइपरायटरची शिफ्ट खिटी लावून दाबून ठेवता येते. पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दोन कॉम्प्युटर घेतले. इतर मुली त्यांच्याकडे लांबूनच बघत होत्या. ही जाऊन बसली आणि बोट टेकवून म्हणाली, "लोण्यागत हाय, अक्का."

बटणं लोण्यासारखी होती, पण खिटी नव्हती. इंग्रजी कॅपिटलसाठी एक बटण असतं, ते एकदा दाबलं की भागतं. कन्नड आणि मराठीचं तसं नाही. निम्मी अक्षरं शिफ्टखाली असतात, शब्दागणिक ती दाबून धरावी लागते, आणि त्याच वेळी दुसरं बटण दाबावं लागतं. तिथून ते 'एक बोट द्या' सुरू झालं.

सुनंदा नावाची एक मुलगी शेजारच्या मशीनवर बसायची, त्यामुळे बहुतेक वेळा बोट तिचंच जायचं. ती कुरकुरायची, "माझं बोट काय भाड्यानं लावलंय व्हय?"

"भाडं देतो की," ही म्हणायची. "धर नीट. काल तुझ्या मावशीच्या दारात कुणाची जीप थांबली हुती सांगू?"

सुनंदा शिफ्ट दाबून पुरती गोष्ट ऐकायची. तेवढ्यात हिचं अर्धं पान व्हायचं.

एकदा ती बाजारच्या पिशवीतून शंभर ग्रॅमचं लोखंडी वजन घेऊन आली. सुप्याच्या दुकानातलं, पाणी यायच्या आधी तराजूसकट उचलून आणलेलं. ते तिनं शिफ्टवर ठेवलं. शिफ्ट दबली. आम्ही वाहवा केली. पण वजन उचलून बाजूला करायलाही तेच एक बोट लागत होतं, म्हणून ती ते ढकलायची. तिसऱ्या दिवशी ते घरंगळलं आणि कीबोर्डच्या कडेचा टवका उडाला. मी वजन जप्त केलं.

"सुप्याचं वजन हाय ते, अक्का. जरा मानानं ठेवा."

"गल्ल्यात ठेवते. तिथं मानानं राहील."

वजन गेलं, तशी ती स्वतःच शिफ्टवर टकटक करून बघायला लागली. पटकन शिफ्ट, पटकन अक्षर, जमतंय का. जमायचं नाही. उलट मधेच मशीन शिट्टी वाजवायचं आणि पडद्याच्या मधोमध इंग्रजी मजकुराची एक करडी पेटी यायची. बेळगावहून मशीन बसवायला आलेल्या माणसानं आम्हाला बजावून सांगितलं होतं: आपण न बोलावता पेटी आली तर वाचत बसायचं नाही, कॅन्सल करायची. म्हणून शिट्टी झाली की सगळा क्लास एका सुरात ओरडायचा, "कॅन्सल!" आणि ती कॅन्सल करायची. इंग्रजी टाइप करणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

त्या वर्षी तिचे वडील गेले. दुकान भावाकडे आलं. वहिनी जेवायला वाढायची, पण ताट आपटून. ह्याबद्दल ती कधी रडली नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, कुठं काम असलं तर बघा. ताटाचा आवाज लई हुतोय."

जोयड्याच्या एका सहकारी सोसायटीनं तेव्हा कॉम्प्युटर घेतला होता आणि चालवणारं कुणी नव्हतं. मी तिथल्या सेक्रेटरींना बोलावून घेतलं. ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि सभासदांची नावं सांगू लागले. ती बिनचूक टाइप करत होती. मधेच सवयीनं म्हणाली, "सुनंदा, एक बोट दे की." सुनंदानं दिलं. थोड्या वेळानं पुन्हा दिलं. सेक्रेटरी सुनंदाकडे बघत राहिले.

"काम येतंय हिला," उठताना ते मला म्हणाले. "पण एका कामाला दोन माणसं मी कुठनं आणू, अक्का?"

"तुमच्यात च्या द्यायला शिपाई असंल न्हवं?" ती म्हणाली. "जाता-येता एक बोट दे म्हणावं त्याला."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. ह्या कामासाठी दांडेलीची एक मुलगी बघून ठेवली आहे, आठवड्यात कळवतो, असं सांगून जिना उतरले.

मुली एकेक करून घरी गेल्या. मी खिडक्या लावत होते. ती मशीनसमोर बसून शिफ्टवर बोट आपटत होती. टाइप करायला नव्हे, रागानं. शिट्टी झाली, पेटी आली.

"कॅन्सल कर," मी तिकडूनच म्हटलं.

"न्हाई करत जा. काय हुयाचं ते हुंदे." आणि तिनं एंटर दाबलं.

मी दुसरी खिडकी लावली. मग हाक आली, नेहमीपेक्षा हळू. "अक्का."

"आले. बोट हवंय?"

"न्हाई," ती म्हणाली. "बोट नको."

मी जाऊन पाहिलं. तिनं शिफ्ट दाबली आणि बोट उचललं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक चौकोनांचं एक चित्र आलं होतं, त्यातला एक चौकोन काळा झाला. मग तिनं सावकाश, बोट हवेत फिरवून, अक्षर दाबलं. शिफ्टचं अक्षर उमटलं. शिफ्टनं तिची वाट बघितली होती.

तिनं शिफ्ट आपटून पेटी पुन्हा आणली आणि आम्ही डिक्शनरी घेऊन शब्द न् शब्द लावला. ज्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय आहे, असं लिहिलं होतं. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती येते.

"म्हंजे आमच्यागत कोणतरी मशीन करनाऱ्यांच्यातबी हाय," ती म्हणाली. मग हसायलाच लागली. "रोज दारात येऊन हाक मारत हुतं की, अक्का. आणि आपण समदी मिळून त्येला हाकलत हुतो." डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पाणी पुसायलाही तेच बोट.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन जोयड्याची बस धरली. सेक्रेटरींनी अर्धं पान टाइप करून घेतलं आणि दांडेलीच्या मुलीला येऊ नकोस म्हणून निरोप पाठवला.

तिथं तिनं आपला कायदा चालू केला. त्या सोयीची एक खोड होती: कुणी दोन बटणं एकदम दाबली की ती उतरत्या सुरात कुंईं करून बंद व्हायची. सेक्रेटरी काही बघायला बसले की हमखास बंद. मग ही पाच वेळा शिफ्ट दाबून ती परत आणायची आणि बोट उगारायची. "साहेब, माझ्या मशीनला दोन हात लावायचे न्हाईत." मी एकदा गेले तर सेक्रेटरी डावा हात पाठीमागे धरून एका बोटानं टाइप करत होते.

रविवारी ती माळ्यावर यायची. एकदा सुनंदाला म्हणाली, "तुझं भाडं वाचलं बघ." मग माझ्याकडे वळून, "काम बरं चाललंय, अक्का. पर मशीनच्या खोलीत कोण येत न्हाई. बोट द्यायला आलं की माणूस दोन गोष्टी बोलून जात हुतं. आता समदी दारातनंच विचारत्यात, झालं काय?"

"मग काय, सोडतेस नोकरी?"

"छे! खुळ्या काय?" असं म्हणून ती पिशवी खांद्याला लावून उठली. "येतो."

दोन वर्षांनी तिला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग दुसरा झाडपाला झाला, आणि बेळगावला नेलं तेव्हा पोट पाण्यानं फुगलं होतं. मी गेले, तेव्हा पेल्यातलं पाणी तिला चमच्यानं पाजावं लागत होतं. डोळे हळदीसारखे. मला म्हणाली, "मशीनवर कापड घातलंय काय बघाय सांगा. उंदरं वायरी खात्यात." मी सांगते म्हटलं. चौथ्या दिवशी ती गेली.

कापड घातलेलं होतं. महिनाभर तसंच राहिलं. मग सेक्रेटरींचा फोन आला की कामं तटली आहेत, कुणीतरी पाठवा. सुनंदा लग्न होऊन जोयड्यालाच गेली होती. मी तिला घेऊन गेले.

खोलीत एकच खुर्ची होती. सुनंदा तिच्यावर बसली, मी डाव्या बाजूला उभी राहिले. मशीन सुरू झालं. कोपऱ्यात ते बारीक चौकोन होते. आम्ही दोघींनी ते पाहिले. सेक्रेटरींनी दारातूनच यादी दिली. सुनंदानं एका बोटानं पहिलं नाव टाइप केलं. शिफ्ट, मग अक्षर. दुसरंही तसंच. तिसऱ्या नावाला हात सवयीवर गेला आणि तिनं दोन बटणं एकदम दाबली.

कुंईं झालं. चौकोन गेले.

सुनंदानं दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले. "अक्का, गेलं की ते."

ते परत आणायला पाच वेळा शिफ्ट दाबायची होती. माझं बोट शिफ्टवर होतं. कधी ठेवलं, मला कळलं नव्हतं. मी ते न दाबताच उचललं आणि म्हटलं, "पुढचं नाव घे."