चित्रावरचं अक्षर जपणारे हाळीकर सर

प्रा. विश्वंभर हाळीकर सरांची आणि माझी पहिली भेट नांदेडला, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये झाली. मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. सर इतिहासाचे विभागप्रमुख. माझं नाव विचारण्याआधी त्यांनी विचारलं, कंधारचे ना तुम्ही? मग घरात जुनी चित्रकार्डं असतील! तारेला टोचलेली असतील काही, असं मी सहज बोलून गेलो. पुढच्याच रविवारी सर आमच्या दारात हजर. आईने दिलेला चहा निवून गेला, पण सरांनी तार काही खाली ठेवली नाही.

चित्रकार्डांचा, म्हणजे एका बाजूला चित्र छापलेल्या पोस्टकार्डांचा, नाद पुष्कळांना असतो. त्यांना कार्ड हवं करकरीत. आमच्याकडे आलेली पत्रं तारेत ओवायची रीत, त्यामुळे मराठवाड्यातल्या कार्डाला मधोमध भोक ठरलेलं. व्यापारी असलं कार्ड हातातही धरत नसत. सर मात्र म्हणत, भोक आहे म्हणजे कुणीतरी जपलं होतं.

सुरुवातीच्या कार्डांची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असे. चार शब्द लिहायचे ते चित्रावरच, बुरुजावर नाहीतर मोकळ्या आभाळात. पुढे नियम बदलला, मागे रेघ मारून मजकुराला जागा मिळाली. पण हाताची सवय सुटते थोडीच! आपल्याकडे कित्येकजण नंतरही चित्रावरच लिहीत राहिले. सर हे इतकं रंगून सांगत की तासाची घंटा त्यांना ऐकूच येत नसे. परीक्षेत यावर एकही प्रश्न येत नसे, हा भाग वेगळा.

गेल्या वर्षी लातूरला सरांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरलं. किल्लारीच्या सिंधूबाई एका कार्डासमोर थांबल्या, त्या हलेचनात. एका नवविवाहितेचा स्टुडिओत काढून कार्डावरच छापलेला फोटो होता तो. सरांना हैदराबादच्या जुन्या बाजारात मिळालेला. ही माझी माय, असं त्या म्हणाल्या. मागच्या पत्त्यावर त्यांच्या मामाचंच नाव निघालं. भूकंपात बाईंचे आईवडील गेले, घर गेलं, आईचा एकही फोटो उरला नव्हता.

सरांनी काच उघडून कार्ड त्यांच्या हातात दिलं. तुमचंच आहे, एवढंच म्हणाले. संग्रहात त्या कार्डाला जोड नव्हती. सरांचा चेहरा मात्र शांत होता.

बाईंना तो फोटो मोठा करून भिंतीला लावायचा होता. पण शाईच्या ओळी पदरावरून थेट गालापर्यंत गेलेल्या. कॉम्प्युटरवर पुसून घेऊ, मी उत्साहाने म्हणालो. सरांनी मला थांबवलं. आधी त्यांना वाचू तर द्या, म्हणाले. बाईंनी चष्मा लावला. ज्वारी बरी आली, पंचमीला हिला घेऊन येतो, एवढाच मजकूर.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "हे माझ्या बाचं अक्षर हाय. सासरी मला पत्र यायचं ते ह्याच अक्षरात."

मग त्या रडल्या, आणि सरांनाही आवरलं नाही. फोटो अक्षरांसकट मोठा झाला. आता तो किल्लारीच्या नव्या घरात लागला आहे.

सर पंच्याहत्तरी पूर्ण करत आहेत. लेखाच्या शेवटी शुभेच्छा हव्यात, असा गौरव अंकाच्या समितीचा आग्रह आहे. मी मराठीचा प्राध्यापक, मला शब्दांचा काय तोटा! पण निघताना सिंधूबाई सरांच्या पाया पडून जे बोलल्या, त्यापुढे माझं काही चालत नाही.

"सर, तब्येत सांभाळा, लई वर्सं जगा. अजून कुणाकुणाची माय तुमच्या कपाटात आसंल."