हद्दूची शीळ

हद्दू साठ वर्षं मेंढ्यांमागे हिंडला, पण घसा फोडून कधी ओरडला नाही. दोन बोटं तोंडात घालायची आणि समोरच्या डोंगराशी गप्पा मारायच्या. आमची अमाझिग बोली तो शिळेत बोलायचा. "इत्तो, चहा टाक गं," असं वरून आलं की मी, त्याची बहीण, इकडे किटली चढवायची. ॲटलसच्या या दऱ्यांत आम्हाला ते सरळ बोलणंच ऐकू येतं. ज्याला बोली येत नाही त्याला मात्र पाखरू ऐकू येतं.

त्याचा मुलगा झायद कासाब्लांकात कारकून झाला आणि त्यानं घरात बोली बंद केली. त्याची पोरगी इनास, नऊ वर्षांची. तिला अरबी येते, फ्रेंच येते. या सुट्टीत हद्दूनं तिला तिचं नाव शिळेत शिकवायला घेतलं, तोच झायद खेकसला. "बा, पुरे! तिला शाळा शिकायचीय, मेंढ्या नाही राखायच्या. नुसती शीळ ती, काय ठेवलंय तिच्यात?"

हद्दूनं बोटं तोंडातून काढून सदऱ्याला पुसली. मला मात्र झायदच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

त्या गुरुवारी झायदसकट सगळा गाव बाजाराला गेलेला. हद्दू मेंढ्या घेऊन डोंगरावर, घरी इनास आणि तिची शहरातली आई, दोघीच. दुपारी परतताना वळणावर आम्हाला शीळ ऐकू आली, अगदी थकलेली. पाय मोडलाय, रक्त थांबत नाही, वरच्या घळीत आहे. आम्ही धावलो. खेचरावर घालून दवाखान्याकडे निघालो, पण तो वाटेतच गेला.

"सकाळपासून वाजवत होते हो," सून रडत म्हणाली. "मला वाटलं, म्हातारा आज खुशीत आहे." तिला काय बोलणार, कपाळ? तिच्या कानांचा काय दोष!

तिसऱ्या दिवशी जेवताना इनासनं मोबाईल काढला. आजोबांची शीळ गोड वाटली म्हणून तिनं त्या सकाळी अंगणातून टिपून ठेवली होती. तिनं ती लावली. आमच्या हातातले घास हातातच राहिले. हद्दू पुन्हा पुन्हा एकच बोलत होता. इनास, बाळा, कुणाला तरी वर पाठव.

"बाबा, काय म्हणतात आजोबा?"

झायदचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काही नाही गं. नुसती शीळ आहे."

मी तोंड उघडलं. पोरीकडे पाहिलं आणि मिटलं.

तिनं ती परत लावली.