केरूची भाजावळ

एकोणीसशे एकतीसच्या शिमग्याआधी केरू जयगडच्या बंदरात बोटीतून उतरला तो कायमचाच. तीस वर्षं मुंबईच्या गिरणीत सूत कातून झालं, छातीत कापूस भरला, त्याच्या जागी मुलगा सदू लागला, आणि केरू पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन कातळाच्या सड्यावरून गावाकडं चालत निघाला. मनात एकच, आता घरी राहायचं, जनीबरोबर.

जनी म्हणजे त्याची बायको. लग्नाला तीस वर्षं झालेली, पण सगळे शिमगे नि गणपती मिळून दोघं एकत्र किती राहिली असतील? धड तीन वर्षंसुद्धा नाही!

जनीनं दारात पायांवर पाणी घातलं, पाट मांडला, सगळ्यात मोठा बांगडा त्याच्या पानात वाढला. छान वाटलं. पण महिना झाला तरी तेच! बैल सोडायला उठला की "तुमी बसा." लाकडं फोडायला गेला की "बसा वो, सवय नाय तुमास्नी." बसून बसून माणूस वेडा होईल की नाही?

मग चैत्रात त्यानं नको ते करून ठेवलं. भाताची रोपं ज्या तुकड्यात आधी दाट पेरतात, त्याला तिकडं दाढ म्हणतात. ती भाजायची, म्हणजेच भाजावळ करायची, तर खाली शेण, वर तोडलेल्या फांद्या, वर गवत, त्यावर माती, आणि आग लावायची वाऱ्याच्या उलट बाजूनं. मग ती सावकाश जळते आणि जमिनीतलं तण मरतं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. केरूला नव्हतं. जनी बाजाराला गेलेली बघून त्यानं नुसतं गवत पसरलं, वारा पाठीशी घेतला आणि काडी ओढली. भस्सकन ज्वाळ! अर्ध्या घटकेत काम फत्ते. गिरणीत भराभर काम म्हणजे चांगलं काम, त्यामुळं गडी खूश.

"केरूभावजी, मुंबैत आसंच भाजतात काय वो?" शेजारची सोनूबाई दगडी गडग्यावरून ओरडली आणि सगळ्या बाया खिदळल्या.

जनी आली. पायाच्या अंगठ्यानं राख बाजूला केली. खालची माती थंडगार. टोपली उचलून ती घरात गेली.

रोपं वर आली तेव्हा भातापेक्षा तणच जास्त. जनी तीन दिवस वाकून एकेक काडी उपटत होती आणि केरू बांधावर उभा. शेवटी त्याला राहवेना.

"अगो, चार शिव्या तरी घाल मना!"

"पाव्हण्याला कोण शिव्या घालतं?"

तोंडातून निसटलं आणि तीच दचकली. केरू त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो चिखलात उतरला. "शिकव मना. पहिल्यापासून."

जनी हसली आणि मग शिकवलं. आणि शिकवणं कसलं! "आवो, हात हाय का वल्हं?" "नांगर धरलाय का बोटीचा कठडा?" वर्ष गेलं, दोन गेली, जनी त्याला पोटभर शिव्या घालायला लागली आणि केरू त्या शिव्या वाडीभर अभिमानानं सांगत फिरायचा. "आज गाढव म्हणाली मना!" लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलं. लागलंच होतं! दुपारी दोघं बांधावर एकाच फडक्यातली भाकरी खायची. तीस वर्षं फक्त गिरणीच्या भोंग्याची वाट बघितलेला माणूस, त्याला आता दिवस पुरेना.

फक्त दाढ भाजायचं काम ती त्याच्या हाती देईना. पस्तीस सालच्या संक्रांतीला म्हणाली, "यंदा तुमी भाजा. तण किती येतं ता मी बघतंय."

आणि फाल्गुनात ती आजारी पडली. पोट फुगलं, अन्न उतरेना. डोलीतून रत्नागिरीला नेली. डॉक्टरांनी तपासलं, केरूला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, घरी न्या.

भाजायच्या दिवशी तिनं पडवीत अंथरूण घालायला लावलं. धूर यायला लागला तशी मान वळवली.

"वाऱ्याच्या उलट लावलीत ना?"

"व्हय."

"माती चढवलीत?"

"व्हय गो, किती इचारतंस!"

"गाढवाला इचारायला लागतं," ती म्हणाली, आणि हसताना तिला धाप लागली. "रोप आला की मना उचलून न्या. मी बघणार."

केरूनं पेरणी केली आणि रोज सकाळी माती निरखायला लागला. अजून दोन दिवस, जने. अजून एकच. कोंब दिसले त्याच्या आदल्या दिवशी ती गेली.

दिवस करायला सदू आला होता. "बाबा, मुंबैला चला. हितं आता कोण हाय तुमचं?"

"लावणी हाय," केरू एवढंच म्हणाला.

लावणीची पहिली मूठ घरच्या बाईनं रोवायची, ही रीत. बाया चिखलात उभ्या, कुणी हात लावेना. उपटलेल्या रोपांच्या जुड्या तशाच पडून. शेवटी केरूच वाकला आणि पहिली मूठ त्यानं रोवली. सोनूबाईनं एक जुडी उचलून उलटीसुलटी बघितली.

"भावजी, दाढ कोणी भाजली वो? एक तण नाय!"

चार वर्षं तो हे ऐकायला जिवाचा कान करून होता. आणि आता वाटलं, ही बाई गप्प का नाही बसत!

"मीच," तो म्हणाला. "पण तिनं नाय बघितली गो." आणि तिथंच चिखलात गुडघ्यांवर बसून तो पोरासारखा रडला.

बाया थांबल्या नाहीत. उपटलेलं रोप थांबत नाही. सोनूबाईनं दंडाला डोळे पुसले आणि पुढची मूठ लावली, आणि थोड्या वेळानं तिच्या शेजारी, नाक शिंकरत, केरूही लावायला लागला.