घोडी निघाली तेव्हा

काल अंबडला एका सुताराच्या दुकानापुढून चाललो होतो. आत चुलीवर सरस शिजत होता. तो उग्र वास नाकात गेला आन् पाय जागीच थांबले.

साखर कारखान्यातला हंगाम संपला की मी घरी हौसेनं गिटारी बनवायचो. कुणी शिकवलं न्हाई, म्हणून कुणाचं ऐकतबी नव्हतो. पोरीसाठी सागवानाची बनवली, तेव्हा तारा धरून ठेवणारी लाकडी पट्टी, म्हणजे घोडी, नुसत्या सरसानं चिकटवली. बायको म्हणली, "उन्हाळा हाय. दोन स्क्रू मारा की." मी म्हणलो, "स्क्रू मारायला ती काय खाट हाय?"

बुद्ध पौर्णिमेला विहारात, पत्र्याखाली, भर दुपारी पोरगी गायला उभी राह्यली. गर्मीनं सरस ढिला पडला. पहिल्याच कडव्यात सूर उतरला. मी पुढंच बसल्तो. घोडी एका बाजूनं हळूहळू उचलून राह्यली होती. पोरीनं वाजवता वाजवता माझ्याकडं बघितलं. ती दोन हातांवर होती, पण मला उठता येईना.

मंग खाडकन घोडी निघाली. पोरीनं गिटार खाली ठेवली आन् गाणं तसंच पुढं म्हणलं.

तेव्हा वाटलं, चारचौघांत माझं नाक गेलं. आता वाटतं, बाबा काहीतरी करतील म्हणून ती बघत होती.

लोक अजून म्हणतात, पोरगी लई गोड गायली होती. मला सांगता येत न्हाई. माझ्या कानात त्यातला एक शब्दबी गेला नव्हता.